बटण, बटण, बटण

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. विषय वेबसाईटचा आहे आणि यातला पहिला आरोपी मी स्वतः आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मी कराडात राहतो. गेली चौदा वर्षं वेबसाईट बनवून द्यायचा धंदा करतो. सातारा आणि सांगली हे माझे दोन जिल्हे. पतसंस्था, शाळा-कॉलेजं, हळद-बेदाण्याचे व्यापारी, दोन-चार ग्रामपंचायती, एखादा दवाखाना. गिऱ्हाईक सांगेल तसं करून द्यायचं. वर सरकणारी मोठाली चित्रं, मध्ये चेअरमन साहेबांचा हार घातलेला फोटो, खाली आतापर्यंत किती जणांनी साईट बघितली त्याचा आकडा. बिल घ्यायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

गेल्या पावसाळ्यात वाळवा तालुक्यातल्या एका जुन्या मित्राचा फोन आला. कॉलेजला आम्ही एका बाकावर होतो. तिशीनंतर त्याची नजर हळूहळू गेली, आता काहीच दिसत नाही. शेती भाऊ बघतो, हा घरी शिकवण्या घेतो. फोन मात्र आपल्यापेक्षा सफाईनं वापरतो. अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये बहुधा टॉकबॅक नावाची सोय असते. बोट फिरवलं की स्क्रीनवर काय आहे ते फोन बोलून सांगतो, मराठीतसुद्धा. याला स्क्रीन रीडर म्हणतात.

त्यानं विचारलं, "त्या पतसंस्थेची साईट तूच केलीयस काय रे?"

मी जरा फुशारकीनंच म्हटलं, "व्हय, मीच."

"मग लका, एवढं सांग. तिसरं बटण कशाचं हाय? मला नुसतं ऐकू येतंय, बटण, बटण, बटण, चित्र, बटण."

मला आधी हसू आलं. मग साईट उघडून बघितली. तिसरं बटण 'खाते उतारा' होतं. डोळ्यांना छान दिसत होतं, कारण मी त्यावर पासबुकाचं चित्र टाकलं होतं. त्या चित्रामागं नाव लिहायला मी विसरलो होतो. विसरलो म्हणणंही खोटं आहे. चौदा वर्षांत असं काही लिहायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो पुढं म्हणाला, "दोन वर्षं झाली, पासवर्ड पुतण्याकडं हाय. ओटीपी आला की त्यालाच सांगतो. पोरगा चांगला हाय रे. पण माझ्या खात्यात किती हायत, ते घरात माझ्या आधी त्याला कळतं."

या वाक्यावर मला उत्तर सुचलं नाही.

आता विचार करा. पोलिस सांगतात, बँका सांगतात, ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि आम्ही साईट अशा बनवतो की ओटीपी दुसऱ्याला सांगितल्याशिवाय अंध माणसाचं कामच होऊ नये. उद्या त्याच्या खात्यातून पैसे गेले तर म्हणणार, तुम्हीच ओटीपी दिलात, चूक तुमची.

नेमकं कुठं अडतं ते साध्या भाषेत सांगतो.

चित्राला वर्णन नसतं. बटणाला नाव नसतं. फॉर्मच्या रकान्याला लेबल जोडलेलं नसतं, त्यामुळं इथं नाव लिहायचं की आधार नंबर, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. कॅप्चा चित्रातच असतो, त्याला ऐकायचा पर्याय नसतो. मराठी पान बनवताना भाषा इंग्रजी म्हणून नोंदवलेली असते, मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजीच्या आवाजात वाचायला जातो आणि कडबोळं करतो, नाहीतर गप्प बसतो. जुने अहवाल कृतिदेव, शिवाजी असल्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ती इंग्रजी अक्षरांची भेळ असते. आणि नोटीस म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ, तीही वाकडी.

हे फक्त अंधांचं नाही. कडबाकुट्टीत बोटं गेलेला माणूस आपल्याकडं गावागावात आहे. त्याला बारीक बटण दाबता येत नाही आणि ओटीपीची वेळ संपते. कर्णबधिर मुलीला कॉलेजच्या प्रवेशाची माहिती व्हिडिओतून दिली आणि खाली अक्षरं दिली नाहीत, तर तिच्यासाठी ती माहिती दिलीच नाही. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं दिसत नाहीत. तीच अक्षरं भर उन्हात शेतात उभ्या असलेल्या धडधाकट माणसालाही दिसत नाहीत.

आता पुराचं बोलू. कारण इथं विषय गैरसोयीचा राहत नाही, जिवाचा होतो.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीत कुणी विसरलेलं नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ ला पुन्हा ५० च्या वर. तेव्हापासून पावसाळ्यात या पट्ट्यातला माणूस सकाळी उठला की दोन आकडे विचारतो. कोयनेतून किती क्युसेक सोडलंय? आयर्विनला किती फूट आहे?

हे आकडे आपल्यापर्यंत येतात कसे? बहुतेक वेळा सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो म्हणून. हा ग्रुप, तो ग्रुप, शंभरदा फॉरवर्ड. माझ्या मित्राचं घर पूरपट्ट्यात आहे. त्याचा फोन त्याला एवढंच सांगतो, "फोटो". मग तो हाक मारतो, "अरे, वाचा की कुणीतरी." घरात माणूस असलं तर ठीक.

गंमत बघा. तो मजकूर आधी कॉम्प्युटरवर टाईपच केलेला असतो. म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल असाच असतो. मग आपण तो छापतो, सही करतो, शिक्का मारतो, फोटो काढतो आणि त्याचं मुकं चित्र करून टाकतो. त्या फोटोखाली त्याच चार ओळी टाईप करून टाकल्या असत्या तर काय बिघडलं असतं? दोन मिनिटं लागतात.

"आता एआय चित्र वाचून दाखवतं की," असं काहीजण म्हणतील. दाखवतं, कधी बरोबर, कधी चूक. अंधुक फोटोतला, शिक्क्याखाली आलेला आकडा त्यानं चुकीचा वाचला तर जबाबदार कोण? ५७ चं ५१ झालं तर? आकडा ज्यानं जाहीर केला, त्यानं तो वाचता येईल असा दिला पाहिजे. ओळखत बसायचं काम ऐकणाऱ्याचं नाही.

ही गोष्ट मी चार ठिकाणी बोललो. चारही ठिकाणी ठरलेली उत्तरं मिळाली. ती एकेक घेतो.

पहिलं उत्तर: "आपल्याकडं असे सभासद आहेत तरी किती?"

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांगांची नोंद आहे. त्या वर्षी अख्ख्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख होती आणि सांगलीची २८ लाख. म्हणजे एक पूर्ण जिल्हा भरेल एवढी माणसं. ही मोजणी झाली तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार सातच होते, २०१६ च्या कायद्यानं ते २१ केले. वयामुळं नजर, कान, हात अधू झालेले आईवडील त्या मोजणीत बहुतेक धरलेलेच नाहीत. आणि समजा, तुमच्याकडं असे सभासद खरंच कमी आहेत. मग मला सांगा, ते नाहीत म्हणून तुम्ही सोय केली नाही, की सोय नाही म्हणून ते आलेच नाहीत?

दुसरं उत्तर: "मदतीला माणूस आहे की. सेतूत जावं, ऑपरेटर करून देतो."

सेतूतला ऑपरेटर तुमचं-माझंही काम करून देतो. पण आपल्याला पर्याय आहे, घरबसल्या करायचं की तिथं जायचं. आटपाडीच्या किंवा माणच्या वाडीवरून तालुक्याला यायचं तर अंध माणसाला सोबत एक माणूस लागतो. दोघांचं तिकीट, दोघांचा दिवस, दोघांची मजुरी. आणि परत दुसऱ्याच्या हातात आधार, पासबुक, ओटीपी. ऑनलाईन सेवेचा खरा फायदा ज्याला सगळ्यात जास्त व्हायला हवा होता, त्यालाच आपण म्हणतोय की तू रांगेत उभा राहा.

तिसरं उत्तर: "खर्च फार येतो हो."

इथं मी धंद्यातला माणूस म्हणून बोलतो. त्या पतसंस्थेची साईट दुरुस्त करायला मला दोन दिवस लागले. बटणांना नावं, चित्रांना वर्णन, रकान्यांना लेबलं, अक्षरांचा रंग गडद, पानाची भाषा मराठी. बास. नवीन साईट करताना हे पहिल्यापासून केलं तर वेगळा खर्च जवळजवळ येतच नाही. बांधलेल्या घराला नंतर उतार करायचा झाला तर पायऱ्या फोडाव्या लागतात, त्यातला हा प्रकार आहे. मोठ्या, जुन्या पोर्टलला जास्त खर्च येईल, मान्य. पण तो खर्च आधी केलेल्या हलगर्जीपणाचा आहे. त्याचं बिल दिव्यांगांच्या नावावर फाडू नका.

आणि खर्चाची ही सबब जुनी आहे. सिडनी ऑलिंपिकच्या वेळी ब्रूस मॅग्वायर नावाच्या अंध माणसानं तक्रार केली होती की स्पर्धेची साईट त्याला वाचता येत नाही, चित्रांना वर्णनच नाही. आयोजक म्हणाले, फार पैसे लागतील, फार वेळ लागेल. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगानं ते ऐकलं नाही आणि आयोजकांना २०,००० डॉलर भरपाई द्यायला लावली. ते साल होतं २०००. म्हणजे आज मी जी चूक दुरुस्त करतोय, तिच्यावर पाव शतकापूर्वी निकाल लागलाय.

चौथं उत्तर, आणि हे आमच्या धंद्यातलं पाप: "आम्ही प्लगइन टाकलंय ना."

साईटच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं निळं चित्र असतं. दाबलं की अक्षर मोठं होतं, रंग उलटे होतात. विकणारा सांगतो, एक ओळ टाका, साईट कायद्यात बसली. नाही बसत. ज्या बटणाला नावच दिलेलं नाही, त्याचं काम काय हे त्या प्लगइनला खात्रीनं कळत नाही. असलेच दावे केले म्हणून अशा प्लगइनच्या एका कंपनीला २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १० लाख डॉलर भरायला लावलेत. तरी आपल्याकडं बिलात ती ओळ बिनधास्त लावली जाते. मीही दोनदा लावलीय.

आता कायदा. कारण 'सहानुभूती', 'माणुसकी', 'दिव्यांग बांधव' हे शब्द ऐकून माझे कान किटलेत. ही मेहरबानी नाही, कायदा आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. कलम ४२ म्हणतं, इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सगळ्यांना वापरता येईल अशा स्वरूपात असेल हे सरकारनं बघायचं. कलम ४६ म्हणतं, सेवा देणारा सरकारी असो की खासगी, नियम आल्यापासून दोन वर्षांत त्यानं सेवा सुगम्य करायची. नियम जून २०१७ मध्ये आले. दोन वर्षं जून २०१९ ला संपली. त्याच्यानंतर दोन महापूर येऊन गेले.

"आमची तर सहकारी संस्था आहे, आम्हाला कुठं लागू?" असं म्हणणाऱ्यांनी त्या कायद्याचं कलम २ उघडावं. खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, फर्म, ट्रस्ट यांच्याबरोबर सहकारी संस्था स्पष्ट लिहिलीय. म्हणजे आपले साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, शिक्षण संस्था सगळे आले. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५०,००० ते ५ लाख.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं राजीव रातुरी यांच्या खटल्यात सरकारला सुनावलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा. आणि ३० एप्रिल २०२५ ला, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध असलेले अमर जैन यांच्या याचिकांवर, कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मुद्दा काय होता, तर केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा म्हणतात. ॲसिडनं पापण्या गेलेल्या माणसानं काय मिचकावायचं?

सरकारच्या बाजूनं एक खरी गोष्टही सांगतो. जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांसाठी एनआयसीनं जे व्यासपीठ बनवलंय, त्याच्या नावातच 'सुगम्य' हा शब्द आहे. साचा चांगला आहे. अक्षर मोठं करता येतं, थेट मुख्य मजकुरावर जाता येतं. पण चांगल्या साच्यात स्कॅनचा फोटो टाकला तर फोटोच राहतो. सवय बदलायला हवी ती टेबलावर बसून अपलोड करणाऱ्याची आणि त्याला तसं सांगणाऱ्या साहेबाची.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. त्यातून काय होतं, ते आपण बघतो. तीनचाकी वाटप, शिलाई मशीन वाटप, स्टेजवर अकरा माणसं, खाली पाच लाभार्थी, आणि वेबसाईटवर त्या कार्यक्रमाचे फोटो. ज्याच्या नावानं फोटो काढला, त्याला त्या फोटोत काय आहे ते कळायची सोय नाही. तीनचाकी हवीच, मी नाही म्हणत नाही. पण वाटप झालं म्हणजे हक्क दिला असं नाही.

ही माती कुठली आहे, हे आठवा. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच होता. नंतर दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. १९४३ मध्ये याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, तेही याच वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. त्या सरकारची न्यायदान मंडळं गावात बसायची. कारभार माणसापर्यंत गेला पाहिजे, माणसानं कारभाराच्या मागं हिंडायचं नाही, हे तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी करून दाखवलं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतचं ब्रीदच आहे, 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद'. त्या साताऱ्यात शिकलेला माझा मित्र आज स्वतःचा खाते उतारा स्वतः वाचू शकत नव्हता. शिक्षण, फोन, हुशारी सगळं त्याच्याकडं होतं. त्याचं स्वावलंबन माझ्या एका बिननावाच्या बटणानं काढून घेतलं होतं.

म्हणून नुसती हळहळ नको. चार कामं सांगतो.

एक. साईटचं किंवा ॲपचं काम देताना करारात लिहा की काम आयएस १७८०२ या भारतीय मानकाप्रमाणे पाहिजे. वेबसाईटवाल्याला हे माहीत नसेल तर त्याला काम देऊ नका. मीही त्यात आलो.

दोन. शेवटचं बिल काढण्याआधी एका अंध माणसाला बोलवा. त्याचा फोन, त्याचा टॉकबॅक, मदतीला कुणी नाही. लॉगिन करणं, उतारा काढणं, तक्रार नोंदवणं, ही तीन कामं त्याला करू द्या. जमली तर बिल काढा. नाही जमली तर थांबवा. आणि त्या माणसाला त्या दिवसाचं मानधन द्या. तो तपासणीस म्हणून आलाय, त्याला चहावर कटवू नका.

तीन. पूर, पाणी, वीज, शाळेला सुट्टी, कुठलीही सूचना फोटोतून दिली तर खाली तोच मजकूर टाईप करा. हे आपल्या ग्रुपच्या ॲडमिनलाही लागू आहे. आजपासून करा.

चार. अडलं तर लेखी तक्रार करा. आधी त्या संस्थेकडं, सरकारी कार्यालय असेल तर तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं, आणि तिथं हललं नाही तर दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडं. ज्यांना अडत नाही त्यांनीही अर्ज लिहून द्यायला मदत करा. दोघातिघांनी दंड भरला की बाकीचे आपोआप सुधारतील.

माझं म्हणाल तर आजवर केलेल्या साईटपैकी सात दुरुस्त केल्या, बाकीच्या चालू आहेत. गिऱ्हाईकाकडून पैसे घेतले नाहीत, कारण चूक माझी होती. याच धंद्यातल्या भावांनो, तुम्हीही आज रात्री स्वतःच्या फोनवर टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि तुम्ही बनवलेल्या साईटवर एक फॉर्म भरून बघा. पाच मिनिटांत कळेल. बंद कसा करायचा ते मात्र आधी बघून ठेवा, मी अर्धा तास अडकलो होतो.

पतसंस्थेची साईट नीट झाल्यावर मित्राला फोन केला. म्हटलं, बघ आता. पाच मिनिटांनी त्याचा उलटा फोन. मला वाटलं, आभार मानतोय.

म्हणाला, "उतारा ऐकला. मागच्या तिमाहीचं व्याज कमी लावलंय त्यांनी. चेअरमनचा नंबर दे."

दिला.